बिनदोऱ्याच्या मिरच्या

आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, त्यामुळे पत्ता सोपा. बीबी गावच्या बाजारात कुणालाही ‘चर्चवाले’ विचारा, थेट दारापर्यंत आणून सोडतील. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं, कारण चर्च मेहकरला आणि आम्ही इथं!

आमच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, बियाण्याची मिरची असते. कळी उमलायच्या आधी संध्याकाळी तिच्यातला नर काढायचा, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून देठाला लोकरीचा दोरा बांधायचा. दोरा नसलेली मिरची आपोआप धरलेली. ती तोडून टाकायची, तिचं बी चालत नाही. फुलांना रविवार कळत नाही, पण आम्हाला उपासनेला जायचं असतं. म्हणून रविवारची सकाळ शेजारीण सांभाळते. ती बौद्ध आहे, तिचं शेडनेट आमच्याला लागून, आणि दोन्हीकडचं बी एकाच लॉटमध्ये बियाणे कंपनीला जातं. एकाचं बी भेसळीचं निघालं तर दोघांचंही परत.

गेल्या हंगामात एकदा जेवताना माझे सासरे, म्हणजे मामाजी, मोठ्या खुशीत म्हणाले की दुपारी त्यांनी आम्हाला हातभार लावला. बऱ्याच मिरच्यांचे दोरे सुटलेले दिसले, म्हणून त्यांनी नवे बांधून टाकले.

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली. मी तशी तापट बाई. पण त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून माझ्याच्यानं बोलवेना. कोणत्या ओळीत बांधले, एवढंच विचारलं. त्यांना आठवेना. विहिरीकडच्या अर्ध्या भागात फिरले होते. मग नवऱ्यानं त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की ते दोरे सुटलेले नव्हतेच, त्या मिरच्यांना मुळात दोरा बांधलेलाच नव्हता. आता चांगली कोणती आणि वाईट कोणती, ते देवालाच ठाऊक. नवरा पुढं असंही म्हणाला की थोड्याच असतील, कंपनीचा सुपरवायझर तर नुसते दोरेच बघतो, थांबून पाहू.

मामाजींनी ताट सारलं, हात धुतले, टोपी घातली आणि शेजारणीच्या दाराकडे निघाले. अंधूक दिसतं त्यांना, म्हणून मी मागोमाग गेले.

“बाई, माह्या हातानं घोटाळा झाला,” ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. “आमचं बी तुमच्यात घेऊ नका. तुमचं खराब होईन.”

तिनं विचारलं, “बाबा, तुमी सांगतलं नसतं तं मले समजलं असतं का?”

“नसतं समजलं. म्हनूनच आलो.”

परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “माह्यं नाव गेलं तं मी सोसीन. पन लोकं आपल्याले येशूच्या नावानं वयखतात. ते नाव माह्या मालकीचं नाही.”

मला रडू आलं. रागही आला, कारण आता अर्धा भाग झाडून तोडावा लागणार हे उघड होतं.

सकाळी तोडायला लागलो. दोरे असलेल्या, नसलेल्या, सगळ्या. पुढं कितीतरी दिवस आमच्या गल्लीत ठेच्याशिवाय दुसरी भाजी नव्हती. झाडं मात्र भली. ओझं उतरल्यावर पुन्हा कळ्यांनी भरली. रविवारी शेजारीण आपल्या जावेला घेऊन आली आणि मला म्हणाली, “तुमी जा चर्चले. बाबालेबी घेऊन जा, इथं नका ठेवू.” मामाजीही हसले.

हंगामाच्या शेवटी बी मोजायला सुपरवायझर आला. घोटाळ्याची गोष्ट त्याच्या कानावर गेलीच होती, गावात काय लपतं! त्यानं शेजारणीला विचारलं, यांचं वेगळं ठेवू का? यांच्याकडे मागं काय झालं ते माहीत आहे ना?

“माईत हाये,” ती म्हणाली. “त्याइनंच सांगतलं. एकातच टाका.”

मामाजी बाजूला खाटेवर बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी कानाशी वाकून तिचं बोलणं सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून बसले.