सगुणाबाईंनी दिलेली हमी

मला लिहायची सवय नाही, आणि सगुणाबाईंविषयी मी लिहावं की नाही, हेही नीट ठरत नाही. पण मानपाड्यात त्यांच्याबद्दल अजून वाईटच बोललं जातं, म्हणून लिहितो.

मी राहायचो ती इमारत त्यांच्या नवऱ्याची, पंढरीशेठची. मी भाडेकरू. त्यांचा मुलगा मयूर वीस वर्षांचा. पुतणीच्या हळदीत पंढरीशेठनी स्वतः त्याच्या हातात ग्लास दिला आणि पाहुण्यांना सोडून ये म्हणत गाडीची किल्लीही दिली. परतताना गाडी दुभाजकावर चढली. कुणाला लागलं नाही, पण पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावलं आणि पोरगा सापडला.

कल्याणच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. वय लहान, पहिलीच वेळ. शिक्षा न देता घरच्यांनी दिलेल्या चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येईल का, हे ठरवण्यासाठी न्यायाधीशबाईंनी एका अधिकाऱ्याला घर पाहून अहवाल द्यायला सांगितलं.

अधिकारी यायच्या दिवशी सकाळीच पंढरीशेठ दारूची तीन खोकी माझ्या खोलीत ठेवून गेले. "काका, दुपारपर्यंत ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं कोन बघतंय?" मला नाही म्हणता आलं नाही. मी वर चादर टाकली.

अकराला बेल वाजली. दारात सगुणाबाई, मागे अधिकारी, त्यांच्या मागे लालबुंद पंढरीशेठ.

"काका, ती चादर काढा," सगुणाबाई म्हणाल्या.

"येडी झालीस का? पोराला आत घालशील!"

"साहेब, हा आमच्या घरातला माल हाय. लपवलाय. ह्या बापाची हमी घेऊ नका. पोराला यानंच पाजली."

मी चादर काढली. या सगळ्यात माझा हात एवढाच.

जिन्यातून मयूर ओरडला, "आई, तूच माझी दुश्मन हाय!"

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी अहवाल वाचला. हमी द्यायला पुढे झालेल्या पंढरीशेठना त्यांनी खाली बसवलं.

"दुसरं कोणी आहे?"

सगुणाबाई उठल्या. "मी. खडवलीला भावाकडं नेते त्याला. तिथं कोन पीत नाय."

"वर्षभर लक्ष ठेवावं लागेल. पुन्हा सापडला तर या गुन्ह्याचीही शिक्षा होईल."

"ठेवीन."

न्यायाधीशबाईंनी हमी मान्य केली.

बाहेर आल्यावर पंढरीशेठ बायकोला म्हणाले, "आता माझ्या दारात पाय ठेवायचा नाय." मग माझ्याकडे वळले. "आन् म्हाताऱ्या, तू पन खोली खाली कर." गाडीचं दार आपटून ते निघून गेले.

"मी तुझ्याशी बोलनार नाय," मयूर म्हणाला.

"नको बोलू. चल."

आठ महिने झाले. दर महिन्याला दोघांना त्या अधिकाऱ्याकडे हजेरी द्यावी लागते. परवा मी कल्याणला गेलो होतो तेव्हा त्याच्या कचेरीबाहेर दिसले. मयूर शुद्धीत होता, अंगाने भरला होता. आईपासून दोन बाकं सोडून बसला होता.