देखाव्यातला बाप

मी कुमारांसाठी कादंबरी लिहिते, हे लालबागमध्ये कुणाला सांगायची सोय नाही. समोरचा आधी कौतुकानं मान हलवतो, मग विचारतो, "म्हणजे ससा-कासव टाइप?" नाही हो, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी. "अच्छा, अभ्यासाचं!" अभ्यासाचंही नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याला दया म्हणतात. "बरंय, बरंय. आणि नोकरीबिकरी?"

नोकरी आहे. माझे आजोबा ज्या मिलमध्ये साच्यावर उभे असायचे, तिथे आता काचेची बिल्डिंग आहे, आणि तिच्या एसीत कुडकुडत मी बाथरूमच्या नळांची वर्णनं लिहिते. "तुमच्या सकाळला समजून घेणारा शॉवर" हे वाक्य माझं. माझं छापून आलेलं साहित्य आजवर एवढंच.

कादंबरी लिहायची ती सकाळी, ऑफिसच्या आधी. पण आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. दार लावलेलं दिसलं की दोनच अर्थ निघतात, घरात आजारपण आहे नाहीतर भांडण. पहिल्यांदा मी दार लावून लिहायला बसले तेव्हा शेजारच्या काकू पेजेचं भांडं घेऊन आल्या. तेव्हापासून दार उघडं ठेवून लिहिते. जाता-येता लोक स्क्रीनमध्ये डोकावतात, "चालू दे, चालू दे" म्हणतात आणि तिथेच उभे राहतात.

शनिवारी दादरला लायब्ररीत जाते. तिथे कुमारांची पुस्तकं कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आहेत. वरचे कप्पे पाककृती आणि अध्यात्माला दिलेत. त्या कप्प्यासमोर उकिडवं बसून वाचणारी मी एकटीच, आणि मी सव्वीस वर्षांची. खरे कुमार त्या वेळी क्लासला नाहीतर मोबाइलवर असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरीही मी त्यांच्यासाठी लिहिते. हौसेला मोल नाही म्हणतात ते उगीच नाही.

तर माझ्या कादंबरीत एक चौदा वर्षांची मुलगी आहे. तिला कबड्डी खेळायचीय आणि तिचा बाप तिला अडवतो. एवढं सांगितलं की माझी आई माझ्याकडे टक लावून बघते. कारण बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडून मी लिहायला लागले, तेव्हा माझ्या बाबांनी बरेच दिवस माझ्याशी आईमार्फत बोलणं ठेवलं होतं. मी समोर बसलेली असायचे आणि बाबा म्हणायचे, "तिला सांग, चहा निवतोय." कादंबरीतला बाप काल्पनिक आहे, असं मी आईला अनेकदा बजावलंय. आई म्हणते, "व्हय तर."

पुढे बाबा बोलायला लागले. पण माझं एक पानही त्यांनी कधी वाचलं नाही. कितीदा प्रिंट काढून त्यांच्या उशाशी ठेवली, ती तशीच नीट घडी करून परत यायची. "पुस्तक होऊ दे, मग बघू. कच्चं कशाला खायचं?" हे त्यांचं ठरलेलं. संपादकांनी काय म्हटलं, लोकांनी काय म्हटलं, हे सगळं मी हसून सहन करते. पण घरातला एक माणूस, जो रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचतो, तो माझं वाचत नाही, याचा मला राग यायचा. रागच कशाला, रडूही यायचं.

गिरगावात एका प्रकाशनाच्या संपादिका बाई आहेत. त्यांनी कादंबरी वाचली आणि म्हणाल्या, "सगळं जमलंय गं. शेवट तेवढा घाईत उरकलायस. गणपती झाले की नवा शेवट घेऊन ये." आमच्या भागात सगळीच कामं गणपती झाल्यावर होतात, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात आमच्या मंडळाचे सेक्रेटरी दारात हजर. हे तळमजल्यावरचे काका. यंदाच्या चलचित्र देखाव्याचा विषय ठरला होता, "मुलींना खेळू द्या."

"तू लेखिका ना? मग लिही की निवेदन," काका म्हणाले. "तीनेक मिनिटांचं. शेवटी पब्लिकच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"येईल."

"पण लाइन थांबता कामा नये हां. रडू दे, पण चालत चालत."

माझ्या साहित्याकडून इतकी नेमकी अपेक्षा आजवर कुणीच केलेली नाही. ऑफिसात त्या आठवड्यात नळांची नवी मालिका आली होती, मला मान वर करायला फुरसत नव्हती. मी सरळ कादंबरीचा शेवट उचलला आणि काकांना देऊन टाकला. मुलगी मैदानात उतरते. आई बोलते, मैत्रिणी बोलतात, कोच बोलतो. घरातून तिला अडवणारा बाप कुंपणापाशी उभा असतो आणि शेवटी मान खाली घालतो. नाटकात काम करणाऱ्या एका दादांनी भरदार आवाजात ते रेकॉर्ड केलं, मागे तुतारी टाकली. मला वाटलं, चला, एका दगडात दोन पक्षी, निवेदनही झालं आणि शेवट लोकांवर तपासूनही होईल.

आता आमच्या मंडळाची एक रीत आहे. परळच्या कारखान्यातून देखाव्याचे पुतळे येतात ते नुसते रंगवलेले. त्यांचे कपडे चाळीतल्या घरांतून गोळा करतात. कुणी साडी देतं, कुणी शाळेचा जुना युनिफॉर्म. मी ऑफिसात असताना पोरं आमच्याकडे आली. "काकी, एक जुना शर्ट द्या ना, जेन्ट्सचा." आईनं बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढून दिला. हा शर्ट घालून बाबा वर्षानुवर्षं कचेरीत गेले होते. चाळ सोडा, अर्धा लालबाग त्या शर्टाला ओळखायचा.

पहिल्या दिवशी आरतीनंतर पडदा सरकला आणि मला दरदरून घाम फुटला. कुंपणापाशी माझे बाबा उभे. तोच शर्ट, जवळपास तशाच मिशा. वर त्या पुतळ्याच्या मानेत मोटर बसवलेली, त्यामुळे मान सारखी इकडून तिकडे. नाही, नाही, नाही. शेवटी मान खाली जायची ती तुतारी वाजल्यावर, आणि लगेच खेळ पुन्हा पहिल्यापासून.

"आई, शर्ट कशाला दिलास गं तो?"

"माका काय म्हायत, तो कोणाच्या आंगार घालतले ता! आणि तुझो बाप काल्पनिक ना? मग घाबरतंस कित्याक?"



खरी पंचाईत पुढेच होती. बाबांची मंडळात रांगेची ड्यूटी असते. लोकांना पुढे सरकवायचं, म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायची. आणि ड्यूटीची जागा नेमकी देखाव्याच्या बाजूला. म्हणजे डावीकडे बाबा "चला, पुढे चला" म्हणतायत आणि उजवीकडे पुतळा "नाही, नाही" करतोय. ओळखीचे लोक एकदा याच्याकडे बघायचे, एकदा त्याच्याकडे. "काय हो, पोरीला खेळू देत नाही म्हणे!" "अहो, आता तरी मान डोलवा!" बाबा पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी कसंनुसं हसले. तिसऱ्या दिवशी ते हसत नव्हते आणि मी मागच्या गल्लीनं घरी येत होते. काकांना म्हटलं, शर्ट तरी बदला हो. ते म्हणाले, "गणपती बसलेत. आता विसर्जनानंतर."

चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारची गर्दी जरा ओसरल्यावर धीर करून मांडवात गेले, तर पुतळ्याच्या अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा नवा शर्ट. बाबा ड्यूटीच्या जागी उभे होते.

"हे कुणी बदललं?"

"मी. सकाळी हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन आणला. एवढ्या लोकांसमोर उभं राहायचंय त्याला, नीट कपड्यात राहू दे."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "बाबा, तो तुम्ही नाही. खरंच नाही. मी लिहिलं ते..."

"चार दिवस ऐकतोय ना मी. पाठ झालंय." त्यांनी एका आजींना हात धरून पुढे काढलं आणि परत आले. "चांगलं लिहिलंयस. मुलगी झकास आहे, कोच पण. एकच सांगू?"

"सांगा ना."

"त्या बापाला एकही वाक्य नाही दिलंस तू. सगळे बोलतात. तो नुसती मान हलवतो. का अडवतो, एवढं तरी विचारायचंस त्याला."

वर्षभर ज्या शेवटावर मी डोकं आपटत होते, त्यात हे मला एकदाही सुचलं नव्हतं. म्हटलं, "काय म्हणेल तो?"

बाबांनी पुतळ्याकडे बघितलं. तुतारी वाजत होती, मान खाली जात होती.

"म्हणेल, तू हरलीस तर तुझं तोंड बघवायचं नाही मला. मी तिथे असलो आणि तू विचारलंस, बाबा, कशी खेळले, तर खोटं बोलता येणार नाही. म्हणून आधी अडवलं, आणि आता कुंपणाच्या आत येत नाही. दुसरं काही नाही त्यात."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, लाइन थांबली!" बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मांडवात रडायचं तर चालत चालत, असा आमचा नियम, पण मी जागची हलले नाही.

"घरी चला," मी म्हटलं. "आत्ता देते वाचायला. नाही आवडलं तर तसं सांगा. मी मरत नाही त्यानं."

"आत्ता नको," बाबा म्हणाले. "ड्यूटी आहे. उद्या दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते आंघोळ करून, चष्मा पुसून, खुर्चीत ताठ बसले होते. आणि चाळीच्या सगळ्या रीती मोडून त्यांनी दार लावून घेतलं होतं.