लाख नसलेला मणी

दोह्यातली माझी नोकरी टिकली ती इटलीच्या एका बाईंमुळे. हे आधी लिहितो, कारण पुढे जे घडलं त्यात चूक सगळी माझी होती.

कतारमध्ये वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. बाईंचा नवरा अल खोरला स्टेडियमच्या कामावर इंजिनिअर. राहायला मात्र दोघं दोह्यातच, अल अझीझियात, आमच्या दागिन्यांच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. फुटबॉलच्या आकाराची लॉकेटं करून करून आमची बोटं सोलवटली होती. अशाच एका दुपारी बाईंनी रुमालातून सोन्याच्या मण्यांची माळ काढून माझ्यापुढे ठेवली. दोरा कुजला होता. फक्त पुन्हा गाठवून हवी होती.

इंग्रजी त्यांचंही मोडकं, माझंही. म्हणून एकमेकांचं कळत होतं. माळ त्यांच्या आजीची. आजी भाताच्या शेतात निंदायला जायची. तिकडच्या शेतकरी बायकांची हीच ठेव. लग्नात थोडे मणी मिळायचे, मग जमेल तसा एकेक वाढवायचा.

"तुमच्याकडे भात होतं?" मी विचारलं.

"गुडघाभर पाण्यात," त्या म्हणाल्या.

मला आईच दिसली. तिची बोरमाळ अशीच, मणी असेच गोल.

एका मण्याला दोन-तीन पोचे होते. ते काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण इतक्या मायेनं बोलल्या, तर तेवढंही करून देऊ, असं वाटलं. आठवीत शाळा सोडल्यावर गावाकडच्या सोनाराकडे मी बोरमाळेचंच काम शिकलो. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. पोचा काढायचा तर मणी तापवायचा, लाख वितळून भोकातून बाहेर येते, मग पत्रा आतून सारखा करायचा आणि नवी लाख भरायची. मी मणी चिमट्यात धरला, गॅसची बत्ती लावली. लाख येईना. अजून थोडी आच दिली. तरी येईना. आत लाख नव्हतीच, नुसती हवा. जोड सुटला आणि मणी डोळ्यांदेखत खाली बसला.

शेजारी आमचे जुने कारागीर बसले होते, रत्नागिरीचे चाचा. "अरे येड्या, ही काय तुझ्या आयेची बोरमाळ? वजनावरनं कळलं नाय?" मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "शेठला दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी तूच सांग."

शेठ चिडले की एकच शब्द, कॅन्सल. महिन्यापूर्वी एका पॉलिशवाल्याचा व्हिसा असाच रद्द झाला होता. घरी कमावता मी एकटा. तरी जाऊन सगळं सांगितलं.

"यल्ला, चल, सामान बांध," शेठ म्हणाले. "पण आधी मॅडमना तोंड दाखव."

बाई आल्या. मी तो चुरमडलेला तुकडा कागदावर ठेवला. त्यांनी उचलला, बोटानं चाचपला, काहीतरी शोधत असल्यासारखं. मग खुर्चीत बसल्या.

"ते पोचे माझ्या आईच्या दातांचे होते," त्या म्हणाल्या. "लहानपणी आजीच्या मांडीवर बसून चावायची. आई गेल्या हिवाळ्यात गेली."

माझ्या तोंडून सॉरीसुद्धा फुटेना. शेठच बोलले, "मॅडम, ह्याला आजच घरी पाठवतो."

बाईंनी डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं.

"नको. पोचे काढ असं मीच त्याला सांगितलं होतं."

शेठ माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. ते खोटं होतं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

"मॅडम म्हणतात तर खलास, विषय संपला. जा, कामाला लाग."

उरलेले मणी मी त्यांच्यासमोरच गाठवले. एक गाठ दोनदा सोडावी लागली. जाताना बाई थांबल्या. "बोट भाजलंय तुझं. पाण्याखाली धर."

मॅचेस सुरू व्हायच्या आधीच नवरा-बायको इटलीला परत गेले. मी इथेच आहे. अजूनही कुणी जुना दागिना पुढे ठेवला की आधी हातावर वजन तोलतो, मग नक्की काय हवंय ते विचारतो. गावी पैसे वेळेवर जातात, आईला यातलं काही ठाऊक नाही.

बाई, तुमच्या गावाचं नाव मी लिहून ठेवलंय. एक दिवस मी येईन. तेव्हा दुकानात न मागितलेली माफी समोर बसून मागेन. मग तुमच्या घरातलं, शेतातलं, जे सांगाल ते काम करेन, तुम्ही पुरे म्हणेपर्यंत.