पेजेतला गुडमार

आई गेल्यापासून प्रयोगशाळेत गुडमारची पानं वाळत पडली की मी त्या टेबलाकडे सहसा जात नाही.

बालाघाटच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. मधुमेहावर लोक घेतात त्या वनस्पती तपासायचं काम आमच्याकडे चालतं. डॉक्टरांनी आईला इन्सुलिन सांगितलं, त्याच आठवड्यात तिनं लालबर्राच्या बाजारातून गुडमार मागवला आणि काढ्याची बाटली माझ्या हाती दिली.

"तुह्या नळीत टाकून पाय. चांगला निघाला तं मी सुई घेत नसते."

"आई, नळीत जे होते ते अंगात होतेच असं नाही."

"आधी टाक तं! घरीबी मास्तरीणच."

चाचणी साधी. स्टार्चमध्ये पाचक रस घातला की त्याची साखर होते. मग आयोडीन टाकलं तरी निळा रंग येत नाही. काढ्यानं रसाला अडवलं, तर स्टार्च उरतो आणि निळा दिसतो. आईची नळी गडद निळी झाली. मी घरी काही बोलले नाही, पण मनातल्या मनात तिची सुई केव्हाच बंद करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी पडताळणीसाठी नुसता काढा घेतला. ना स्टार्च, ना रस. आयोडीनचा थेंब पडला आणि तोही निळा झाला.

संध्याकाळी विचारलं, "आई, काढा कायच्यात उकळला?"

"पेजेत. पाण्यात लई कडू लागते. काहून?"

"निळा रंग भाताच्या पेजेतल्या स्टार्चचा होता. गुडमारचं काही समजलंच नाही."

"म्हणजे शुगरवाली बाई औषध म्हणून भात पिऊन राह्यलती?"

"हौ."

पदर तोंडावर धरून ती डोळ्यांत पाणी येईतो हसली.

"पाण्यात उकळून पुन्हा तपासते," मी म्हटलं.

"तपासजो. पण तोवर?"

तिनंच इन्सुलिन ठेवलेल्या फ्रिजकडे पाहिलं, खाटेवर टेकली आणि पोटावरचा पदर बाजूला केला.

"टोच. पण काही ना काही बोलत राय."

मी वारासिवनीच्या बसमधल्या भांडणाचं सांगत राहिले. सुई कधी गेली ते कळलंच नाही, असं ती म्हणाली. ते खरं नसावं. तरी पुढे रोज सकाळी सुई भरण्याआधी मी तिला सांगायला एखादी गोष्ट ठरवून ठेवू लागले.