नर्सबाईचं ब्यूटी पार्लर

वीसेक वर्षं मी सरकारी नर्स होते. बोरगावच्या आजूबाजूच्या खेड्यांत बाळंतपणं करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. बाजाराच्या दिवशी आमच्या सौंसर गावात फिरताना एखादी बाई शेंबडं पोर माझ्यापुढे उभं करायची आणि म्हणायची, "बाई, हे तुमचंच." सोबत आमचे हे असले की दचकायचे.

पंचेचाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि नेमका त्याच सुमारास बदलीचा हुकूम आला. गाव असं डोंगरात होतं, की तिथे जायची बस कुठून सुटते हे बसस्टँडवरही कुणाला ठाऊक नव्हतं. मी राजीनामा लिहून दिला आणि संध्याकाळी जेवताना ह्यांना सांगितलं. हे तहसील कचेरीत बाबू. कुठलाही निर्णय वरून आला तर त्यांना बरं वाटायचं, घरात झालेला निर्णय त्यांना पचत नसे.

"आता का करशीन मग?" त्यांनी विचारलं.

"ब्यूटी पार्लर."

त्यांनी घास खाली ठेवला. "सौंसरात?"

सौंसरात तेव्हा पार्लर नव्हतं. नवरीला हळद लागायची, पावडर लागायची आणि ती मांडवात जायची. पण नागपूरला ह्यांच्या भाच्याच्या बायकोचं पार्लर होतं. तिथे बाया रांगेत बसलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्यातल्या एकीलाही ताप नव्हता. मला ते फार आवडलं होतं. मी छोट्या लायनीच्या रेल्वेगाडीनं नागपूरला गेले आणि महिनाभर राहून दोऱ्यानं भुवया कोरणं, फेशियल, ब्लीच, नवरीचा मेकअप, सगळं शिकून आले. निघताना भाचेसून म्हणाली, "मामीजी, हात तुमचा साफ आहे. फक्त थोडं हसत जा. बाया घाबरतात."

सराव ह्यांच्यावर केला. उजवी भुवई छान जमली. डावी थोडी जास्त गेली, म्हणून उजवी तिच्याबरोबर केली, तर ती जास्त गेली. शेवटी दोन्ही आगकाडीएवढ्या उरल्या. सोमवारी कचेरीत त्यांना एका पटवाऱ्यानं बाजूला घेऊन विचारलं, "बाबूजी, घरी सगळं ठीक आहे ना?" पुढे महिनाभर ह्यांच्या चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य होतं, आणि लोक त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगत.

पार्लर आमच्या समोरच्या खोलीत सुरू झालं. एक मोठा आरसा लावला, एका न्हाव्याची जुनी फिरती खुर्ची आणली. बोर्ड पांढुर्ण्याच्या पेंटरकडून करून घेतला. तो मला नर्स म्हणूनच ओळखायचा, त्यामुळे त्यानं स्वतःच्या मनानं 'ब्यूटी पार्लर'च्या वर एक मोठा लाल प्लस काढून दिला. "बाईचा बोर्ड म्हटला म्हणजे प्लस पाहिजेच," म्हणाला.

पहिल्या आठवड्यात आलेल्या बाया खुर्चीत बसायच्या आणि जीभ बाहेर काढायच्या. माझ्याही सवयी सुटल्या नव्हत्या. फेशियलच्या आधी मी नाडी पाहायची. कैच्या उकळून घ्यायची. एक आटोपली, की दाराकडे बघून "पुढची" म्हणून ओरडायची. खोलीत स्नो-पावडरपेक्षा डेटॉलचाच वास जास्त.

मग पहिली नवरी आली. लोधीखेड्याची पोरगी, मामीसोबत. नवरा सावरगावचा, लग्न दुसऱ्या दिवशी. भुवयांना दोरा लागताच ती जी किंचाळली, की रस्त्यावरची गाय उठून उभी राहिली.

दोरा दातांत असला की मला बोलता येत नसे. म्हणून मी मधेमधे थांबायची आणि इतकी वर्षं जे बोलत आले तेच तोंडातून यायचं. "श्वास घे. खोल. आता सोड. जोर नको लावू."

"आई गं, मरून राहिली मी," पोरगी म्हणायची.

"पहिल्या खेपेला असंच वाटते माय," मामी तिचा हात धरून म्हणाली. "मंग सवय होते."

भुवया झाल्यावर ब्लीच केलं. तिच्या नाकाच्या टोकावर एक कीळ होती, म्हणजे ब्लॅकहेड, जुनी, घट्ट बसलेली. तिला वाफ दिली, दोन्ही बाजूंनी दाबलं आणि ती निघाली तेव्हा मलाही आनंद आवरला नाही. "आलं, आलं बाहेर," मी मोठ्यानं म्हटलं. "केवढं मोठं आहे बघा. किती महिने आत होतं."

त्याच वेळी नवऱ्याची आत्या बांगड्या घेऊन घरासमोरून जात होती. तिनं बोर्डावरचा प्लस पाहिला, आतलं सगळं ऐकलं, आणि दाराच्या फटीतून आपली होणारी सून आडवी पडलेली पाहिली.

नवरी आणि मामी घरी गेल्या. तासाभरानं ती आत्या दारात आली. मागे नवऱ्याकडचे पागोटं घातलेले दोन म्हातारे आणि एक जीपवाला. आत्या गंभीर होती. बसा म्हटलं तर बसली नाही.

"पोरगा का पोरगी?" तिनं विचारलं.

माझ्याकडे कोण आलं होतं असं ती विचारते आहे, असं मला वाटलं. "पोरगीच," मी म्हटलं. "पोरं इथं येत नाहीत."

"तब्येत?"

"छान. गोरीपान निघाली एकदम."

आत्यानं दाराची चौकट धरली. "आणि बाप?"

"तो लोधीखेड्याले. मांडव टाकून राहिला."

आता ती बसली. एका म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. जीपवाला म्हणाला, "म्हणजे बापाले सगळं मालूम आहे, तरी मांडव टाकून राहिला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हसावं की रडावं कळेना. मी भांड्यातला कापूस उचलला आणि त्यावरचा काळा ठिपका आत्यापुढे धरला. "हे निघालं. नाकातून. याच्यासाठी ओरडली ती."

आत्यानं कापूस उजेडात नेला. तिथून तो म्हाताऱ्यांकडे गेला. त्यांनी आळीपाळीनं पाहिला. जीपवाल्यानंही पाहिला.

"एवढ्याशासाठी एवढं बोंबलली?" आत्या म्हणाली.

"तुमच्या नाकावर याहून मोठं आहे," मी म्हटलं.

आत्या बराच वेळ आरशात बघत राहिली. मग तिनं बांगड्यांची पिशवी म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि खुर्चीत बसली. "करा," म्हणाली.

पुरुषांना मी बाहेर काढलं. आतून जे आवाज गेले, ते ऐकून जीपवाला म्हणाला, "चला बाप्पा, आपण चहा घेऊ," आणि तिघं पार बसस्टँडपर्यंत गेले.

लग्नाला मी गेले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे नेसलेल्या पांढऱ्या साडीत नवरी खरंच छान दिसत होती. आत्या मात्र तिच्यापेक्षा चमकत होती आणि प्रत्येक फोटोत कुठून तरी मधे येत होती. पंक्तीत फिरून तिनं बायांना आपलं नाक दाखवलं. पुढच्या आठवड्यात सावरगावहून बायांची एक जीप भरून आली. जीप चालवणारा तोच होता. त्यानं अंगणात गाडी लावली आणि आत न येता रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

पार्लर मी पुढे बरीच वर्षं चालवलं. नोकरीत होते तेव्हा माझ्या हाताखालून बाया कण्हत घरी जायच्या. इथून निघालेली बाई वाटेतल्या प्रत्येक दुकानाच्या काचेत डोकावत जायची. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी राहून पाहत राहायची, आणि आत चुलीवर भाजी करपायची.