तळहातावरचं वजन

दुपारचे अडीच वाजलेत. जेवणं उरकलीत, भांडी पालथी पडलीत आणि गौतमी भोईटे मधल्या खोलीत फरशीवर उशी टाकून आडवी झाली आहे. छातीवर वही, बोटांत टोपण काढलेलं निळं पेन. धड झोप नाही आणि धड जागही नाही, असं तिचं अर्धा तास चाललं आहे. पंख्याचा आवाज मधूनच लांब जातो आणि परत येतो.

वहीत तिनं चार वर्षांचा आराखडा आखला आहे. डेटा सायन्सची पदवी, आठ सत्रं, आठ रकाने. पहिल्यात संख्याशास्त्र आणि कॅल्क्युलस, दुसऱ्यात प्रोग्रॅमिंग, तिसऱ्यात डेटाबेस. मुलगी मोठी पद्धतशीर, चौकटी फूटपट्टीनं मारल्यात. पण पाचव्या सत्रापासून पुढे ‘विशेष विषय’ असा एक उभा रकाना आहे, तो कोरा आहे. विद्यापीठाचं म्हणणं असं की आकडे कशाचे ते कळायला हवं, म्हणून प्रत्येकानं एक विषय धरायचा आणि शेवटचा प्रकल्पही त्यातच करायचा. वित्त, शेती, हवामान, क्रीडा, सार्वजनिक आरोग्य. फॉर्म आज संध्याकाळी सहाला बंद होणार, आणि एकदा भरला की बदल नाही.

पप्पांचं मत वित्त. आईचं मत, पप्पा म्हणतील ते, पण आधी जेवून घे. गौतमीनं पाचही विषयांचे फायदे-तोटे लिहून काढलेत. म्हणजे चारांचे. सार्वजनिक आरोग्यावर तिनं पहिल्याच मिनिटाला काट मारली आणि कारण लिहिलं नाही.

वही छातीवरून घसरते. ती उचलायला कुणीतरी वाकतं.

"पाय घे आत. वाट अडवून पडलीस."

शालनआत्या आहे. पप्पांची थोरली बहीण, लवकर माहेरी परत आलेली, सव्वीस वर्षं या वस्तीची अंगणवाडीताई. गेल्या मार्गशीर्षात गेली. गौतमीला हे सगळं ठाऊक आहे, आणि तरी ती दचकत वगैरे नाही. ती पाय आवरून घेते.

"काय गं, दिवसाढवळ्या झोपा काढतीस व्हय?"

"फॉर्म भरतेय, आत्या."

"आडवं पडून?"

आत्या वही उलटीसुलटी करून बघते. तिच्या डाव्या तळहातावर नेहमीप्रमाणे निळे आकडे आहेत. वस्तीतल्या बायांचं ठाम मत, की लेकराचं वजन चारचौघांत बोललं की दृष्ट लागते. आत्याचा यावर विश्वास नव्हता, पण बायांशी भांडून लेकरं काट्यावर येत नाहीत हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून ती काटा बघायची आणि न बोलता आकडा तळहातावर लिहायची. बाया घरी गेल्या की हातावरून रजिस्टरमध्ये. वजनाच्या दिवशी संध्याकाळी ती एका हातानं कणीक मळायची.

"चल," आत्या म्हणते, "लाईन लागलीया."

भिंतीवर अक्षरांची चित्रं आहेत, वर कडीला वजनकाटा टांगला आहे, खाली त्याची निळी झोळी लोंबते. अंगणवाडीच. पण समोर खुर्च्यांच्या रांगा आहेत, गेल्या आठवड्यात गौतमी पप्पांबरोबर ज्या हॉलमध्ये प्रवेशाची माहिती घ्यायला गेली होती, तिथल्या. खुर्च्यांवर वस्तीतल्या बाया लेकरं मांडीवर घेऊन बसल्यात आणि प्रत्येकीच्या हातात टोकनची चिठ्ठी आहे. टेबलामागचा माणूस मान वर न करता विचारतो, "विशेष विषय?"

"ठरायचाय," गौतमी म्हणते.

"सहाला खिडकी बंद."

पहिल्या रांगेत काजल बसली आहे, ओढ्यापलीकडची. तिच्या मांडीवर शंभू. गौतमी नजर दुसरीकडे वळवते. दुसरीकडेही काजलच बसली आहे.

दोन वर्षांपूर्वी अंगणवाडीला मोबाईल आला. वजनं त्यात भरायची असा हुकूम निघाला. आत्याला त्या पडद्याचं जमेना, म्हणून ती रजिस्टर गौतमीपुढे ठेवायची आणि गौतमी भराभर आकडे टाकायची. अकरावीत होती, शाळेत नुकताच आलेख शिकवला होता आणि डोक्यात हुशारी मावत नव्हती. एका रविवारी शंभूचं नाव आलं. वय चौदा महिने. मागचं वजन आठ किलो, या महिन्याचं सात पूर्णांक एक. मोबाईल लाल झाला: वजन कमी झाले आहे, खात्री करा. आत्या अंगणात धुणं वाळत घालत होती. हाक मारली असती तर आली असती. गौतमीनं हाक मारली नाही. आत्याचीच लिहिण्यात चूक झाली असणार असं ठरवून तिनं सातच्या जागी आठ केलं. मोबाईल हिरवा झाला. तिला बरं वाटलं होतं.

"आत्या, इथून जाऊ या."

"हां, चष्म्याच्या दुकानात जायचं हायच."

दोघी तिथंच खुर्च्यांवर बसलेल्या आहेत. फक्त समोर आता अक्षरांचा तक्ता उजळला आहे आणि आत्याच्या डोळ्यांवर ती जड गोल चौकट आहे, जिच्यात दुकानदार भिंगं बदलत राहतो. इथंही गौतमी एकदा येऊन गेली आहे. शंभूला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायला हवं, असं आत्या वरच्या बाईंना सांगायला गेली, तेव्हा बाईंनी मोबाईल पुढे केला. पोरगं हिरव्यात आहे ताई, तुमचं रजिस्टर चुकलंय. आत्या घरी आली, रजिस्टर पुन्हा पुन्हा बघितलं आणि दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला गेली. सोबत गौतमी. शेजारच्या स्टुलावर बसून तिनं आत्याला तक्त्यातली शेवटची ओळ न अडखळता वाचताना ऐकलं. नंबर तोच आहे, दुकानदार म्हणाला. आत्यानं तरीही नवा चष्मा केला. गौतमी तेव्हाही काही बोलली नाही.

"खालची वाच," दुकानदार म्हणतो.

आत्या वाचते. "सात पूर्णांक एक."

"बरोबर," दुकानदार म्हणतो.

जे दोन वर्षं जमलं नाही ते गौतमी एका दमात बोलून टाकते. "आत्या, तो आकडा मी बदलला होता. मोबाईलमध्ये. तुझं बरोबर होतं."

आत्या जड चौकट काढते आणि स्वतःचा चष्मा पदराला पुसत बसते. सावकाश, दोन्ही काचा.

"उगाच क्येला म्हन की ह्यो चष्मा."

"हो."

"मला वाटलं, डोळं गेलं माझं. सव्वीस वर्सं वजनं क्येली आन् आता भरवसा न्हाई. पुढं परत्येक लेकरू दोनदा तोललं मी. बाया हसायच्या."

गौतमीला भयंकर वाईट वाटतं. आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं.

"का गं बदललास?"

"रेघ एकदम खाली जात होती. तसं नसतं, असं वाटलं."

"लेकरूच खाली चाललं हुतं. रेघ काय करंल?"

शंभू वाचला. तीन आठवड्यांनी आत्यानं कुणाला न विचारता त्याला आणि काजलला एसटीत घातलं आणि दवाखान्यात पंधरा दिवस ठेवून घ्यायला लावलं. आता तो ओढ्यापलीकडून कुत्र्यामागे धावत येतो. पण ते तीन आठवडे कुणाच्या नावावर, हे फक्त गौतमीला माहीत आहे. आणि आता आत्याला.

"मी काय घेऊ, आत्या? सहाला बंद होणारे."

"मला काय इचारतीस? मी दहावी पास." आत्या चष्मा घालते. "त्यो लंबर पुकारला बघ. ऊठ."

काजल शंभूला पुढे करते. तेव्हाचा शंभू, काटकुळ्या हातांचा, मान धरवत नसलेला. आत्या बाजूला सरते.

"तू बघ. माझ्या डोळ्यांचा भरवसा न्हाई न्हवं?"

"आत्या..."

"आधी रिकामी झोळी. काटा शून्यावर आन. हां. आता घाल त्याला."

गौतमी घालते. झोळी हलते, काटा थरथरतो आणि थांबतो. ती वाचते, आकडा बोलायला तोंड उघडते आणि सगळ्या खुर्च्यांवरच्या बाया एकदम तिच्याकडे बघतात. आत्या तिचा डावा हात धरते.

"बोलू नगंस. लिव्ह."

पेन टेकतं, गुदगुल्या होतात. मग आत्या तिची बोटं एकेक करून मिटवते आणि मूठ दाबून धरते. आत्याचा हात गार आहे, साबणाचा वास येतो. एसटीची घंटी वाजते, दोनदा. आत्या शंभूला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली आहे, खुर्च्यांची अख्खी रांग हळूहळू पुढे सरकते आहे, आणि गौतमी खाली उभी आहे. आत्या मागे वळून बघत नाही. ती शंभूच्या तोंडावरचं ऊन पदरानं अडवते आहे.

"गौतमे, साडेचार झाले! फॉर्म भरलास का नाही?"

आईचा आवाज. पंखा डोक्यावरच आहे. वही पोटाखाली चुरगळली आहे, पेन उशीजवळ पडलं आहे. डावी मूठ मिटलेली आहे आणि बोटं आखडलीत. ती उघडते.

तळहातावर निळ्या शाईत ७.१. देवनागरी आकडे. गौतमी लहानपणापासून इंग्रजीच आकडे काढते. अर्धवट झोपेत लिहिलं असेल, ती स्वतःला सांगते. पेन उघडंच होतं.

ती उठून मोबाईलवर फॉर्म उघडते. विशेष विषयाच्या खान्यात सार्वजनिक आरोग्य निवडते. खात्री करा, मोबाईल म्हणतो. या वेळी ती खरंच थांबते, वाचते आणि मग दाबते.

पप्पा दारातून आत येतात. "झाला फॉर्म? वित्तच टाकलंस ना?"

"नाही. बसा जरा, पप्पा. आत्याच्या चष्म्याचं सांगायचंय." पण पुढचं वाक्य काही केल्या जुळत नाही, म्हणून ती डावा हातच त्यांच्यापुढे धरते.

पप्पा खुर्चीवर टेकतात. हात जवळ ओढून घेतात. त्या आकड्यांकडे ते बराच वेळ बघतात, आणि मोठ्यानं वाचत नाहीत. मग शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारतात, "कुणाचं लेकरू?"