पारशिवनी ते नागपूर: आमचं स्वयंपाकघर पडद्यावर

दोन तिकिटं साडेचारशे, पेट्रोल पाचशे, मॉलचं पार्किंग साठ, आणि आमच्याकडच्या कोंबड्याही ज्यात चोच घालणार नाहीत त्या पॉपकॉर्नचे तीनशे वीस. वर शनिवारी दुकान बंद. माझा धंदा मोटारपंपाचा. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत एक शनिवार बंद ठेवणं म्हणजे काय, ते ज्याची मोटार त्याच दिवशी जळली त्याला विचारा. आणि हे सगळं कशासाठी? ज्यात मारामारी नाही, गाणं नाही आणि पहिल्या पाऊण तासात एक बाई तीनदा खिडकीबाहेर बघते, अशा सिनेमासाठी.

पण जावं लागलं, कारण ती खिडकी आमची आहे.

मागच्या हिवाळ्यात एक दिग्दर्शिका बाई पारशिवनीत आल्या. बायकांच्या मनात काय चालतं यावर त्यांना सिनेमा करायचा होता आणि त्यासाठी एक खरंखुरं स्वयंपाकघर पाहिजे होतं. आमचं पसंत पडलं. मग घरभर वायरी, दिवे, आणि मी अंगणात खाटेवर. शूटिंग संपलं की बाई ओट्याला टेकून माझ्या बायकोशी, शोभाशी, बोलत बसायच्या. माझे कान तिखट आहेत. फोनवर मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलं की वायंडिंग, ते सांगतो. पण मी आत पाय टाकला की या दोघींचा विषय मेथीच्या भाजीवर यायचा.

बाईंनी मलाही विचारलं, संसाराबद्दल काही सांगा. मी छाती काढून सांगितलं, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मी नऊला येवो की अकराला, ही माझ्याआधी कधी जेवली नाही." हे मी सगळ्यांना सांगतो. आणि एकतर्फी नाही बरं. गिऱ्हाईक सावजी चिकनचा आग्रह करतात, मी उठतो. घरी बायको उपाशी असताना माझ्या घशाखाली घास कसा उतरेल? बाई हसल्या. मला वाटलं, कौतुकानं.

तर सकाळी निघालो. आमडी फाट्यापर्यंत रस्ता ठीक, पुढे हायवे चांगला, कामठी ओलांडली की मात्र देवाचं नाव घ्या. कुठे पूल बांधून राहिले, कुठे बांधलेला फोडून राहिले. पारशिवनीहून येणाऱ्यांसाठी एक सल्ला: नागपूरला चाललो म्हणून घरात कोणाला सांगू नका. कोणी ना कोणी धंतोलीतल्या दवाखान्यात भरती असतंच, आणि "आलेच आहात तर भेटून घ्या" म्हणत तुमचा अर्धा दिवस तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात जातो. आम्ही सांगून बसलो होतो. अर्धा दिवस वाचला, कारण मामेसासरे आदल्या संध्याकाळीच सुट्टी घेऊन घरी गेले होते. ते आम्हाला दवाखान्याच्या दारात कळलं.

त्यानंतर तर्री पोहे खायला थांबलो. शोभानं दोन चमचे खाऊन प्लेट सरकवली.

"काहून वं, तिखट लागलं का?"

"नाही. एक सांगून ठेवतो तुमाले. मी त्या म्याडमले एक गोष्ट सांगतली होती. सिनेमात टाकू का म्हणे, मी हो म्हटलं. आता भेव वाटून राहिलं."

"कोणती गोष्ट?"

"दिसन नं तिथं."

"माझ्याबद्दल आहे?"

"पाहून तुम्ही चार दिवस माह्याशी बोलणार नाही. वापस चलता का?"

आता एवढं ऐकल्यावर कोणता नवरा वापस जाईल? धरमपेठेच्या गर्दीतून गाडी काढताना माझं डोकं फिरलं होतं. हिनं काय सांगितलं असेल? माझं घोरणं? माझी बहीण? प्रत्येक सिग्नलला मी एक नाव घ्यायचो, ती म्हणायची, "समोर पाहा, ट्रक हाय."

मॉलच्या दारात गार्डनं तिच्या पिशवीतून चिवडा काढला. "बाहर का खाना अलाऊड नहीं, आंटी."

"चिवडा हाय बाप्पा, बॉम्ब नोहे," शोभा म्हणाली. चिवडा दारातच राहिला. म्हणून ते पॉपकॉर्न.

हॉलमध्ये मोजकी माणसं, त्यातही बायकाच जास्त. आमचं स्वयंपाकघर पडद्यावर आलं तेव्हा मी शेजारच्या गृहस्थांना हळूच म्हटलं, "हे घर माझं." ते म्हणाले, "मग एक पंखा लावून द्यायचा होता त्या बाईला."

मागे एक जण कंटाळून बायकोला सांगत होता, "काहीच होऊन नाही राहिलं यात."

ती म्हणाली, "होऊन राहिलं. तुमाले दिसून नाही राहिलं."

इंटरव्हलनंतर ते आलं. संध्याकाळची वेळ. पडद्यावरची बाई दाराची कडी लावते, आमचीच कडी, किरकिरणारी. तव्यावरची भाकरी थेट ताटात घेते. वांग्याची भाजी, ठेचा, वर तेलाची धार. पाय लांब करून, भिंतीला टेकून, निवांत जेवते. बोटं चाटते. ताट धुऊन, पुसून फळीवर ठेवते, कडी काढते. रात्री नवरा पाहुण्याला घेऊन येतो. ती त्यांच्यासोबत चतकोर भाकरी चिवडत बसते आणि नवरा पाहुण्याला सांगतो, "माझ्याआधी ही कधी जेवली नाही."

माझं वाक्य! शब्द न् शब्द माझं.

हॉलमधल्या बायका हसल्या. सगळ्या. पुरुष एकही नाही. पुढच्या रांगेतली एक तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "माह्या घरी सातले."

"हळू बोल वं, हे बसले आहेत."

मी शोभाकडे पाहिलं. ती पदर मुठीत धरून पडद्याकडेच बघत होती.

पार्किंगमध्ये मी चावी हातात घेऊन उभा राहिलो. "केव्हापासून?"

"पोरगी पोटात होती तवापासून. भूक सहन नोहती होत. मंग सवय पडली."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही साऱ्या गावाले सांगत फिरत होते. किती खुश होते तुम्ही. कसं सांगू?"

"आणि मी? सत्तावीस वर्षं सावजी सोडून उपाशी गाडी हाणत आलो, त्याचं काय?"

"ते मले कोणी सांगतलं?" ती म्हणाली. "मले वाटे, खाऊनच येता. घरी एकच भाकरी खात होते तुम्ही."

भूक मरून जायची म्हणून एक खायचो! पण हे पार्किंगमध्ये कोणाला ओरडून सांगणार? मागचा हॉर्न वाजवून राहिला होता. गाडी काढली आणि सरळ सावजी भोजनालयात नेली. शोभाचं ताट आधी आलं. ती माझ्या ताटाची वाट पाहू लागली. "जेव," मी म्हटलं, जरा जोरातच. ती जेवली. रस्सा असा की नाक, डोळे, सगळं वाहतं. आमचं दोघांचं वाहिलं, आणि ते कशानं ते कोणी विचारलं नाही.

सिनेमा बघावा का? नागपुरात राहत असाल तर बघा, बायकोला घेऊन, आणि आधी पोटभर खाऊन. पारशिवनीहून येत असाल तर रस्त्यांची कामं होऊ द्या. मी चार दिवस अबोला धरणार होतो, पण कामठीच्या जाममध्ये दीड तास न बोलता बसणं जमलं नाही.

सोमवारी दुकान बंद करून घरी पोचायला साडेनऊ झाले. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. ओट्यावर एकच ताट झाकून ठेवलं होतं. शोभा जेवली होती.